संदर्भाची तार

ग्दिन्याच्या बंदरात तीस वर्षं टगबोट चालवलेला माणूस
टेबलावर उताणा आहे. लुत्स्यान फोर्मेला, वय एकाहत्तर.
हृदय सहा महिन्यांपासून ताल सोडून धावतंय.
मांडीच्या शिरेतून दोन तारा आत गेल्यात,
एक फिरणारी, एक न फिरणारी.

फिरणारी डॉक्टर याग्नाच्या हातात.
आतल्या भिंतींना ती टेकत टेकत जाते,
टेकेल तिथे माझ्या पडद्यावर ठिपका उमटतो,
आणि ठिपक्याला ठिपका लागून
जांभळी-हिरवी एक खोली उभी राहते
जिच्यात कुणी कधी राहिलेलं नाही.

न फिरणारी माझी.
म्हणजे मी तिला हात लावत नाही. बघते, एवढंच.
हृदयामागच्या शिरेत ती पडून असते
आणि बाकी सगळं तिच्यापासून मोजलं जातं.
ती हलली तर नकाशा तसाच सुंदर दिसतो,
आणि खोटा असतो.

अलार्म आहे. धक्का बसला की वाजतो.
पण धक्का न देता जे सरकतं
त्याला यंत्र श्वास समजतं आणि माफ करतं.
म्हणून सुरुवातीलाच मी तिची एक करडी सावली जपून ठेवते,
जिथे ती होती, तिथे.
श्वास घेतला की तार सावलीतून निघते,
सोडला की परत येऊन मिळते.

दहा चाळीसला मिळाली नाही.

आधी वाटलं, चष्मा. पुसला.
तीन श्वास मोजले. चौथाही.
चार मिलिमीटर. गव्हाचा दाणाही याहून लांब असतो.
नोव्हेंबरात दोन दिसले होते, तेव्हा मी गप्प राहिले.
काही झालं नाही. त्या बाईंनी नंतर
आलुबुखारचा केक पाठवला, सगळ्यांना.
मी खाल्ला नाही.

डॉक्टरांचा पाय पेडलवर होता.
पुढचा डाग द्यायचा होता तिथे भिंत पातळ,
आणि तिच्या पाठीला अन्ननलिका टेकलेली.
"थांबा," मी म्हटलं.
"का? कुठे आहोत आपण?"
"ते नाही सांगता येत.
दिसतंय तिथे नाही, इतकंच."

लुडकाने हिरवी चादर उचलली.
झोपेतच त्याने गुडघा मुडपला होता,
डेकवर लाट येताना मुडपतात तसा. जरासाच.
त्या जरासाने तार ओढली गेली होती.
दोनशे बारा ठिपके पुसले मी.
शिशाच्या एप्रनखाली कुणीतरी सुस्कारा सोडला.
तो काही अलार्मने ऐकला नाही.

दुपारी त्याच्या खाटेशी गेले, जायचं कारण नव्हतं.
"फार वेळ लागला म्हणे."
"तुम्ही हललात."
त्याला भलतंच बरं वाटलं.
म्हणाला, नांगर सरकतोय हे डोळ्यांना कळत नाही,
धुक्यात पाणी सगळीकडे सारखंच.
साखळीवर तळवा ठेवायचा.
पकड असेल तर साखळी मुकी.
सुटली असेल तर बारीक थरथरते,
खालच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढतंय तशी.
"आणि कळलं तरी," तो म्हणाला,
"कप्तानाला उठवायला जिवावर यायचं.
नेमका तेव्हाच डोळा लागलेला असायचा त्याचा."

मी त्याला नोव्हेंबरचं सांगणार होते.
तेवढ्यात सूप आलं, बिटाचं,
आणि त्याने चमचा मागितला.

साडेतीनला पुढची बाई, श्रीमती क्शेमिन्स्का, घाबरलेली.
तिचे पाय आम्ही पट्ट्याने बांधले, हळूच.
न फिरणारी तार आत गेली.
मी करडी सावली जपून ठेवली.
चष्मा आधीच पुसला होता.